दुसरा ओटा

आमच्या स्वयंपाकघरात एका वेळी एकच बाई उभी राहू शकत असे. वडिलांनी गारखेड्यात प्लॉट घेऊन हे घर बांधले तेव्हा घरात एकच बाई होती, आमची आई, आणि ती ठेंगणी होती. त्यामुळे खिडकीखाली कडप्प्याचा जो ओटा घातला गेला तो तिच्या उंचीचा, हातभर रुंदीचा आणि एका शेगडीपुरता. समोरच्या भिंतीत सिमेंटच्या फळ्या, फळ्यांवर डबे, कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचे पिंप, आणि उरलेल्या जागेत शहाबादी फरशी. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी येते, म्हणून पिंपाशेजारी पुढे दोन टिपाडेही कायमची येऊन बसली. आईच्या हयातीतच घरात दोन सुना आल्या. खोली मात्र एका बाईचीच राहिली.

माझी पत्नी थोरली सून, म्हणून आईनंतर ओट्यापाशी ती उभी राहू लागली. धाकट्या भावाची पत्नी दाराजवळ जमिनीवर विळी घेऊन बसे. भाजी चिरणे, कणीक मळणे, लसूण सोलणे, दाण्याचे कूट करणे, हे सारे खाली. अशी व्यवस्था कुणी ठरवून केली नव्हती, त्यामुळे ती बदलण्याचेही कुणाच्या मनात आले नाही. मी त्या दारावरून रोज जात-येत होतो. मला ते दृश्य घराच्या भिंतीइतकेच ओळखीचे होते, आणि भिंतीकडे माणूस पाहत नाही.

मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. गावाकडून आलेल्या आमच्या रीतीप्रमाणे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात येण्याआधी खाकरत असे. ती डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडे वळे. मला काही हवे असले तर मी पत्नीला सांगे, आणि पत्नी घरात नसली तर हवेला सांगे.

“चहा झाला का म्हणावं.”

तीही डब्यांच्या फळीला उत्तर देई, “झालाय म्हणावं.”

ते ‘म्हणावं’ कुणाला उद्देशून होते हे आम्हां दोघांनाही सांगता आले नसते. भाऊ होता तोवर त्यात अवघड वाटण्यासारखे काही नव्हते, कारण दोन्ही बाजूंनी तोच बोलत असे. तो वाळूजच्या एका कारखान्यात होता. घरी येऊन पायांतले बूट काढता काढता सगळ्यांचे निरोप सगळ्यांना पोचवून तो मोकळा होई, आणि प्रत्येक निरोपात स्वतःची भर घाली.

“दादा, ही म्हणते, तुमच्या शर्टाची शिवण उसवलीय. तोच शर्ट घालून तुम्ही पोरांना व्याकरण शिकवता म्हणं.”

तिने यातले निम्मेही म्हटलेले नसे. आत भांड्यांचा आवाज थांबे आणि पत्नी हसत ओरडे, “अहो भावजी, तिच्या नावावर काहीबी खपवू नका.”

गेल्या वर्षी, थंडी सरता सरता, तो पाळीवरून परतला, छातीत जळजळते म्हणाला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. मला रडू आले नाही. लोक भेटायला येत. मी त्यांना खुर्ची देई, पाणी आणायला सांगे, काय झाले ते पुन्हा पहिल्यापासून सांगे, आणि दुसऱ्याच कुणाच्या घरी आलेल्या पाहुण्यांची व्यवस्था आपल्याकडे आली आहे असे मला वाटत राही. तेराव्याला भावाच्या पत्नीचा भाऊ आला होता. वेरूळजवळ त्यांचे गाव आहे, तिथे तो शेती करतो. जेवणे झाल्यावर चार माणसांत तो मला म्हणाला,

“पाव्हणं, आमच्या ताईचं पुढं काय?”

त्या दोघांना मूल नव्हते, म्हणून हा प्रश्न विचारणे त्याला भागच होते. मी म्हणालो, “हे घर तिचंच आहे. ती इथंच राहील.”

लोकांनी माना डोलावल्या. ती आतल्या खोलीत होती. ज्या वाक्यावर तिचे पुढचे सगळे राहणे अवलंबून होते, ते मी तिच्या भावाशी बोललो, आणि तिच्यापर्यंत ते आपोआप पोचले असे धरून चाललो.

पुढचे महिने कसे गेले हे मला नीट सांगता येणार नाही. मी महाविद्यालयात जात होतो, तास घेत होतो, परत येत होतो. ती साड्यांना फॉल-पिको करून देते. तिच्या खोलीत मशीन पूर्वीसारखीच चालत होती. घरात आवाज तेवढाच होता, फक्त निरोप कमी झाले होते.

एका सकाळी पत्नी ओट्यावरून दुधाचे पातेले उतरवत होती. वळायला जागा नव्हती आणि पायाशी जाऊ बसलेली. पातेले ओट्याच्या कडेला लागले आणि उकळते दूध जावेच्या हातावर सांडले. मला किंकाळी ऐकू आली ती पत्नीची. मी धावत दारापर्यंत गेलो, खाकरायचे विसरलो. जाऊ पिंपाच्या तोटीखाली हात धरून उभी होती. मला पाहताच तिने त्याच भाजलेल्या हाताने डोक्यावर पदर ओढला.

मलम पत्नीने लावले. दवाखान्यातही पत्नीच घेऊन गेली. तो हात पुढे कितीतरी दिवस पदराखाली राहिला आणि “आता कसं आहे म्हणावं” एवढे विचारणेही माझ्याकडून झाले नाही. त्याऐवजी मी स्वयंपाकघर नवे करायला काढले.

भाऊ गेल्यानंतर आपण होऊन काही करावे असे मला प्रथमच वाटत होते, त्यामुळे मी त्यात फार विचारपूर्वक उतरलो असे मला वाटले होते. सरकत्या ट्रॉल्या, चिमणी, असल्या गोष्टी आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या. मी ठरवले ते असे. जुना ओटा काढून विटांच्या दोन थरांनी उंच करायचा आणि त्यावर तोच कडप्पा पॉलिश करून पुन्हा बसवायचा. फरशी तीच ठेवायची. भिंतीला लॉटमध्ये उरलेल्या टाइल्स लावायच्या, मग त्या दोन रंगांच्या निघाल्या तरी चालतील. आणि समोरच्या भिंतीतल्या सिमेंटच्या फळ्या काढून तिथे दुसरा ओटा घालायचा. त्यासाठी मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडे एका दगडवाल्याकडे ग्रॅनाइटचा एक उरलेला तुकडा मिळाला. दुसऱ्या ओट्याला गॅसची नळी जाण्यासाठी भोक आणि खाली सिलिंडरची जागा ठेवायची, म्हणजे सकाळच्या घाईत एकीला दुसरीसाठी थांबावे लागणार नाही. सिलिंडर घरात दोन होतेच.

ओट्याची उंची ठरवायला तिची उंची माहीत हवी होती. इतकी वर्षे एका घरात राहूनही ती मला माहीत नव्हती. मी पत्नीला विचारले.

“माझ्या खांद्याला लागती,” ती म्हणाली. “का? तिला काही शिवायला टाकताय का काय?”

“दोघींना सोयीचं व्हावं म्हणून विचारतो,” मी म्हणालो. यापलीकडे मी तिलाही काही सांगितले नाही. आपल्या मनात जे आहे ते इतरांनाही दिसतेच, असा समज मितभाषी माणसांमध्ये असतो. तो माझ्यात फार होता.

मिस्त्री बोलका होता. टेप भिंतीला लावत आणि मधूनच माझ्याकडे पाहत त्याने सगळे समजून घेतले.

“सर, वटे समोरासमोर दोन?”

“हो.”

“अन् गॅसचं भोक दोन्हीकडं?”

“दोन्हीकडे.”

“मंग बेसिन बी दोन घ्या की. लई भारी दिसंल.”

“नाही, बेसिन एकच.”

त्याने पेन्सिल कानामागे खोचली आणि हसला. “म्हंजे वाटणी झाली म्हणा की सर. पाणी एक अन् चुली दोन! आमच्या थोरल्यानं बी असंच केलतं. आईला मधी बसवलं अन् म्हणला, तू दोघांकडं जेव, फक्त कुणाचं चांगलं झालं ते सांगू नको.”

त्याला खरे सांगायचे तर भाऊ गेल्याचे सांगावे लागले असते, मग हात भाजल्याचे, मग जमिनीवर बसण्याचे. भाऊ कसा गेला हे मी इतक्यांना सांगितले होते की ते वाक्य आता माझ्या तोंडून पाठ केल्यासारखे येत असे. ते पुन्हा म्हणायचे माझ्या जिवावर आले.

“तसंच समजा,” मी म्हणालो.

शेजारच्या खोलीत मशीन चालू होती, ती थांबली. दोरा तुटला असेल असे मला वाटले. थोड्या वेळाने ती पुन्हा सुरू झाली आणि मी मिस्त्रीला टाइल्सचे खोके दाखवायला घेऊन गेलो.

आमच्या लोकांत जमीन नंतर वाटली जाते, घर त्याहून नंतर. आधी वेगळी होते ती चूल. एकदा चूल वेगळी झाली की पुढचे सगळे नुसते पार पाडायचे राहते. शेताच्या बांधावर वाढलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही, आणि मीही तिथेच वाढलो आहे. तरी ते दोन शब्द उच्चारताना मला यातले काहीच आठवले नाही.

फोडाफोडी सुरू झाली तसे स्वयंपाकघर बैठकीत आले. शेगडी जमिनीवर ठेवली होती, म्हणून त्या दिवसांत दोघीही खालीच बसून स्वयंपाक करीत. पत्नीला ती सवय नव्हती. दर थोड्या वेळाने ती भिंतीला धरून उठे आणि कंबर चोळी.

“हिची कंबर लोखंडाची आहे का काय? इतकी वर्षं कशी बसली गं तू अशी?”

जाऊ हसली नाही. “सवय असती अक्का,” एवढेच म्हणाली.

भांडी सगळी तिच्या खोलीत नेऊन ठेवली होती. एकदा पत्नी मला म्हणाली, “ती भांडी येगळी लावतीय. तिच्या लग्नातली, तिच्या माहेरच्यांची नावं घातलेली, सगळी एका बाजूला.”

“खोली लहान आहे. नीट रचून ठेवत असेल.”

“तुम्हाला सगळं नीटच दिसतं,” पत्नी म्हणाली.

मग ग्रॅनाइट आला. काळ्यावर तांबडे ठिपके असलेला, एका बाजूने कोपरा थोडा उडालेला. तो भिंतीच्या बाजूला जाणार असल्याने मला चालणार होता. पत्नीने त्याच्यावर ओले फडके फिरवले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बघा. नवा दगड धाकटीला आणि थोरलीला जुनाच घासून पुसून. थोरलेपणाचा मान असाच असतो का हो?”

तिने हे मजेतच म्हटले होते. जाऊ उंबऱ्याशी उभी होती. “अक्का, हा तुमच्याकडं बसवून घ्या,” ती हळू आवाजात म्हणाली. “मला एका जिवाला कशाला.”

मी ते ऐकले. ऐकून मिस्त्रीला म्हणालो, दगड ठरला आहे तिथेच बसवा.

दोन्ही ओटे बसले, टाइल्सच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरायचे तेवढे राहिले, आणि त्या रविवारी तिचा भाऊ आला. भाजीपाला बाजारात नेण्याची त्याची पिकअप दारात उभी राहिली. मागे रिकामी पोती होती. पत्नीने पाणी दिले, ते त्याने घेतले. चहाला नको म्हणाला, तेव्हा मला काहीतरी समजायला हवे होते.

“पाव्हणं,” तो खाली पाहत म्हणाला, “तेराव्याला चार माणसांत तुम्ही शब्द दिला हुता. आता वाटणी करायची तं करा, आमचं काय म्हणणं नाय. पण ती बी चार माणसांतच करायची असती. गवंड्याला सांगून करत्यात व्हय?”

“वाटणी?” मी म्हणालो. “कसली वाटणी?”

“तुम्हीच म्हणला म्हणं. तसंच समजा.”

मशीन थांबली होती ती दुपार मला तेव्हा आठवली. मी त्याला सांगू लागलो. जागा लहान होती, ती खाली बसत असे, हात भाजला, तिला उभे राहता यावे म्हणून हा ओटा. सगळे खरे होते आणि माझ्याच कानांना ते रचल्यासारखे ऐकू येत होते.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “उभं राहायला वटा, ते समजलं. मंग त्याला गॅसचं भोक कशाला?”

मी सकाळच्या घाईचे कारण सांगितले. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटले नव्हते, आणि त्याचे चुकतही नव्हते. तेव्हापासून मी स्वतःला हा प्रश्न पुष्कळदा विचारला आहे. भाऊ गेल्यानंतर ताटावर बसणे मला जड जात असे. जिच्याशी एक शब्द बोलता येत नाही अशा बाईच्या हातची पोळी, आणि मध्ये बोलणारा आता नाही. तिची चूल वेगळी झाली तर हे जडपण कमी होईल, असे मी कधी मनाशी म्हटले नव्हते. पण मिस्त्रीने ‘वाटणी’ म्हटले तेव्हा मला धक्काही बसला नव्हता. एवढ्यावरून काय समजायचे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

मी पत्नीला म्हणालो, “तिला सांग, वाटणी वगैरे काही नाही.”

पत्नी आत गेली आणि परत आली. “ती म्हणती, भांडी भरून ठेवलीत.”

“तिला सांग, हा ओटा मी उद्याच पाडून टाकतो.”

ती पुन्हा आत गेली, पुन्हा आली. “काही बोलत नाही.”

“मग तिला विचार, की—”

“मी काय पोस्टमन आहे का?” पत्नीचा आवाज एकदम चढला. “तुमची बायको मी, तिची जाऊ मी, अन् निरोप्या बी मीच? एक जण गेला तो तुम्हा दोघांचं बोलणं वाहून वाहून. जा, स्वतः विचारा. डोक्यावरचा पदर पडला तं पडू द्या एकदा.”

तिचा भाऊ खिडकीबाहेर पाहू लागला. मी उठलो.

ती स्वयंपाकघरात होती. नव्या ओट्यापाशी, माझ्याकडे पाठ करून उभी, एक हात दगडावर. मी सवयीने खाकरलो. तिने पदर सावरला, पण ती हलली नाही. आता बोलायचे होते, आणि माझ्या लक्षात आले की तिला काय म्हणून हाक मारायची हेच मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही हाक मारलेली नव्हती. तू म्हणावे की तुम्ही, हेसुद्धा कधी ठरलेले नव्हते.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. मग थोडे थांबून, “वाटणी म्हणून नव्हतं केलं. तुला उभं राहून काम करता यावं म्हणून.”

कोपऱ्यात पिंपाच्या तोटीतून एखादा थेंब पडत होता. आपण परत फिरावे असे मला वाटू लागले. तेवढ्यात ती बोलली. भिंतीकडेच पाहत, पण ‘म्हणावं’ न म्हणता.

“वाटणीचं मला काय वाटलं नाय, दादा. मिस्त्रीला आधी कळलं अन् मला नाय. त्याचं वाटलं.”

मी जे सुचले ते म्हणालो. “मी हा उद्या पाडायला लावतो.”

“पाडू नका.” तिने दगडावरचा हात उचलून पुन्हा ठेवला. “हिथं उभं राहून मागं वळलं की समोरच्या खिडकीतनं रस्ता दिसतो. खाली बसून नव्हता दिसत.”

“मग तू जाणार नाहीस?”

“जायचं असतं तं तेराव्यालाच गेले असते. भांडी कवाच भरलीत. कुणी विचारतंय का म्हणून थांबले हुते.” मग ती म्हणाली, “ऱ्हाईन मी. पण आता माझं मी शिजवीन.”

पत्नी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. “म्हंजे?” ती म्हणाली. “आमच्यात जेवणार नाहीस तू?”

“बोलावलं तं येईन की, अक्का. तुम्ही बी येत जा.”

पत्नीने माझ्याकडे पाहिले. तिचा चेहरा मी इतका उतरलेला फार थोड्या वेळा पाहिला आहे. जिच्या पायाशी बसून कुणीतरी वर्षानुवर्षे लसूण सोलला, तिला आता जेवायचे आमंत्रण मिळाले होते. मी स्वतःला चाचपून पाहिले. मला सुटल्यासारखे वाटेल असे वाटले होते, तसे वाटले नाही. वाईटही वाटले नाही. मी तिथे फक्त उभा होतो.

बाहेरून तिचा भाऊ म्हणाला, “ताई, मंग ही पोती परत नेऊ का?”

“ने,” ती म्हणाली. “एक राहू दे. ज्वारीला लागंल.”

मग त्याने चहा घेतला.

काम त्या आठवड्यात संपले. टाइल्स दोन रंगांच्याच निघाल्या. खिडकीच्या बाजूची भिंत दुधाळ आणि समोरची किंचित पिवळी, त्यामुळे ज्याला त्याला आता खोलीतली सीमा दाखवता येते. नातेवाइकांनी ती दाखवलीही. चुलत बहीण येऊन पाहून गेली आणि “केलंस ते बरंच केलंस, रोजची कटकट नको” असे म्हणाली. यावेळी मी ‘तसंच समजा’ म्हणालो नाही. “तिनं ठरवलं,” असे म्हणालो. बहिणीला ते खरे वाटले नाही.

पत्नी काही दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. जावेशी तेवढेही नाही. सकाळी दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहत. इकडे एक कुकर, तिकडे एक छोटा कुकर. बेसिन एकच असल्याने तिथे मात्र एकीला दुसरीसाठी थांबावे लागे, आणि त्या थांबण्यातही दोघी भिंतीकडे पाहत. मी दारावरून जाई आणि खाकरत नसे. तिने पदर घेणे सोडले नव्हते, पण ती आता वळत नव्हती. “डबा विसरताय, दादा,” असे तिने एकदा सरळ मलाच सांगितले. मी “हो” म्हणालो. आमचे संभाषण एवढेच होते. भावाने त्यात कितीतरी भर घातली असती.

मग एका संध्याकाळी मी दारात उभा असताना ती आपल्या ओट्याकडून वळली आणि पत्नीच्या कडप्प्यावर एक वाटी ठेवून परत वळली.

“चव बघा, अक्का.”

येसराची आमटी होती. धान्य आणि डाळी भाजून, मसाल्यासह दळून केलेले आमच्याकडचे ते पीठ, फोडणीत लाल तिखट पुष्कळ. मला पित्ताचा त्रास, म्हणून आमच्या घरी गेली कित्येक वर्षे सगळे सौम्यच शिजते. तिला तसले आवडते की नाही, हे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. पत्नीने दोन घोट घेतले आणि वाटी माझ्या हातात दिली. मी उरलेली संपवली. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी आले.

वाटी विसळून पत्नी ती हातात धरून उभी राहिली. आलेली वाटी रिकामी परत द्यायची नसते, हे आमच्याकडे लहान मूलही जाणते. पण ती वाटी शेजारच्या घरातून आलेली नव्हती. पाठीमागून आली होती.

“काय घालू हो?” ती मला कुजबुजत म्हणाली. “वरण केलंय ते तिला मघापासून दिसतंय.”

“साखर घाल थोडी.”

“साखर परक्यांना घालत्यात,” पत्नी चिडून म्हणाली.

खोली एवढीशी, त्यामुळे कुजबुज करण्यात तसा काही अर्थ नव्हता. जाऊ आपल्या शेगडीशी उभी होती आणि तिचा हात पळीवर थांबलेला होता. आम्ही तिघेही आपापल्या जागी तसेच राहिलो. आता कुणी बोलायचे हा प्रश्न होता, आणि मध्ये कुणी नव्हते.

“काय घालायचं गं वाटीत?” मी तिला विचारले.

तिने मागे वळून पाहिले. पदर होता, पण चेहरा दिसत होता. तो असा समोरून मी फार पाहिलेला नव्हता.

“भात घाला, दादा,” ती म्हणाली. “मी नुस्ती आमटीच केलीय. भात टाकायचा राहिला.”

पत्नीने वाटीत भात घातला, दाबून, वर आणखी एक डाव. तो कडेने सांडला तेव्हा तिने तो बोटाने परत वर लोटला आणि वाटी समोरच्या ओट्यावर ठेवली. दोघी पुन्हा पाठमोऱ्या झाल्या. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मला काय वाटत होते ते मला सांगता आले नसते. तोंड भाजत होते, एवढे मात्र कळत होते.